पितरांचा प्याला आणि गाडीची किल्ली

माझ्या हातानं ओतलेला प्याला माझ्या घरात कुणी खाली ठेवत नाही. या घरात येऊन मला छप्पन्न वर्षं झाली. सासऱ्यांनी कधी ठेवला नाही, नवऱ्यानं ठेवला नाही. छुसॉक हा आमचा पितरांचा सण. त्या सकाळी पितरांपुढं ताट मांडायचं, सोंगप्यॉन म्हणजे वाफवलेल्या तांदळाच्या करंज्या, नाशपाती, सुका मासा, आणि सगळ्यात शेवटी घरी गाळलेली तांदळाची दारू. पितरांचं झालं की तीच दारू घरच्यांनी घ्यायची. त्यांचा आशीर्वाद असतो तो. याला दारू पिणं म्हणत नाहीत. हे मी पुलावरच्या त्या पोलिसालाही सांगितलं होतं, पण त्याच्या हातात यंत्र होतं आणि यंत्राला पितर नसतात.

सांग-ग्यू माझा थोरला. एकोणपन्नास वर्षांचा. आमच्या डोंगरातल्या सतरा गावांतून बस चालवतो. म्हणजे चालवायचा. सहा वर्षांपूर्वी एका लग्नातून घरी येताना पोलिसांनी त्याला पकडलं होतं. फार नव्हती प्यायली, म्हणून शंभर दिवस परवाना काढून घेतला आणि परत दिला. बसवाल्या साहेबानं तेव्हाच बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर परवानाही गेला आणि नोकरीही गेली. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. नव्हतं असं मी म्हणणार नाही.

त्या सकाळी मी पहिला प्याला भरून दिला तेव्हा तो म्हणाला, "आई, नको. मला गाडी चालवायचीय. डोंगरावर जायचंय ना."

"कुणाकडं जायचंय?"

"बाबांच्या थडग्यावर."

"मग बापाच्याच ताटातला प्याला आहे हा. त्याच्याकडं जायचं आणि त्याचाच प्याला लाथाडून जायचं?"

त्यानं ओठ लावून खाली ठेवला. मी तो उचलून परत त्याच्या हातात दिला. मग आजोबांचा, त्यालाही तो "नको" म्हणाला. मग पणजोबांचा. थोरल्या मुलानं तीन घ्यायचे असतात. तिसऱ्याच्या वेळी त्यानं नुसती नकाराची मान हलवली, आणि मी ती न पाहिल्यासारखं केलं.

त्याची बायको उनजू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सतरा वर्षं माझ्या घरात आहे, पण अजून पाहुणीसारखी दारातच उभी राहते. म्हणाली, "आई, मी घेतलेली नाही. किल्ली माझ्याकडं द्या, मी चालवते."

तिचा परवाना अकरा वर्षं कपाटात पडून होता. आणि माझ्या नवऱ्याच्या थडग्यावर मला सुनेनं न्यायचं? थोरला जिवंत असताना? किल्ली माझ्या कमरेच्या पिशवीत असते, घरातली प्रत्येक किल्ली असते. मी ती काढली आणि तिच्या पसरलेल्या हातावरून पुढं नेऊन सांग-ग्यूच्या हातात ठेवली.

"तू मागं बस," मी तिला म्हटलं. "फळांची टोपली मांडीवर घे. चिरडशील नाहीतर."

"फळं नाही चिरडणार," ती म्हणाली.

अशी बोलते ती. प्रत्येक वाक्याच्या खाली एक दुसरं वाक्य ठेवून.

डोंगराच्या वाटेवर नदीवरचा पूल लागतो, ठाण्याकडंही त्याच्यावरूनच जातात. पुलाच्या अलीकडं वळण आहे. वळण घेतलं आणि समोर दोन पोलीस, पिवळी जाकिटं, मधे लाल शंकू. छुसॉकच्या दिवशी! सकाळी अकरा वाजता! सगळा मुलूख पितरांकडं चालला असताना हे लोक पुलावर उभे राहून एकेकाचं तोंड हुंगत होते. पुढं चार गाड्या होत्या. सांग-ग्यूनं गाडी रांगेत थांबवली आणि त्याचे हात चाकावरून सुटेनात.

मी मागं वळले. "उनजू, जागा बदल. दोघं आतल्या आतच सरका, बाहेर उतरू नका."

ती हलली नाही.

"ऐकू येत नाही का? नवऱ्याचा परवाना जाईल."

"मगाशी मी मागितली तेव्हा किल्ली दिली असती तर गेला असता का?"

"आत्ता तोंड चालवायची वेळ आहे?"

"नाही," ती म्हणाली. "आत्ता गाडी चालवायची वेळ आहे, आणि ती तो चालवतोय. मी खोटं सांगणार नाही, आई. त्यांच्या छातीवर कॅमेरा असतो. मग त्याच्यावर दोन गुन्हे आणि माझ्यावर एक. आमच्या मुलीला कोण बघणार, तुम्ही?"

"मी बघितलं नाही तिला आजवर?"

"बघितलंत. रोज सुनावलंतही."

"दोघी गप्प बसा," सांग-ग्यू म्हणाला. माझ्याशी तो आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही, पण उनजूनं टोपली मांडीवर ओढली आणि मी समोर तोंड केलं. पुढच्या गाड्या एकेक करून सुटल्या आणि आमची काच खाली गेली.

पोलीस पोरगेला होता. छातीवर आडनाव लिहिलेलं होतं, बे. "सणाच्या शुभेच्छा," म्हणाला. "यात फुंका."

फुंकलं. यंत्र ओरडलं.

मग पाण्याची बाटली दिली, चूळ भरायला लावली, बाजूला थांबवलं आणि दुसऱ्या मोठ्या यंत्रात फुंकायला लावलं. शून्य पॉइंट शून्य चार सहा. मला आकडे कळत नाहीत असं नाही, बाजारात मी सगळ्यांना आकडे शिकवते, पण एवढ्याशा आकड्यानं माणसाचं पोटपाणी जातं हे मला तेव्हा कळलं.

मी खाली उतरले. "ए पोरा, ही दारू नाही. पितरांच्या ताटातली आहे. तुझ्या घरी पितर नाहीत का?"

"आहेत, आजी."

"मी तुझी आजी नाही."

"बरं. आहेत, बाईसाहेब. माझ्या आजीनंही पहाटे ताट मांडलं. मला प्याला भरून दिला आणि म्हणाली, नाकाला लाव आणि खाली ठेव, तुला ड्युटी आहे."

"मग तुझ्या आजीला रीत ठाऊक नाही."

"असेल," तो म्हणाला आणि कागदावर लिहायला लागला. असल्या माणसाशी भांडण तरी कसं करायचं? ओरडला असता तर मी बघून घेतलं असतं.

"रक्त तपासा," मी म्हटलं. "यंत्र खोटं आहे."

"तपासता येईल. रक्तात बहुतेक वेळा जास्तच निघतं. चालक म्हणाले तर नेतो दवाखान्यात."

सांग-ग्यू म्हणाला, "नको." मग त्या बेनं हातातल्या पाटीवर काहीतरी बघितलं, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा पडला. "साहेब, ही तुमची दुसरी वेळ आहे. परवाना रद्द होईल. दोन वर्षं परत परीक्षेलाही बसता येणार नाही. खटला वेगळा. तुम्ही काय काम करता?"

"बस चालवतो," सांग-ग्यू म्हणाला.

पोलिसानं तेही कागदावर लिहिलं. मागच्या गाडीतला कुणीतरी हॉर्न वाजवत होता. पुलावरून पुढं उनजूनं गाडी नेली, दोन वेळा बंद पाडली, आणि त्या वर्षी माझ्या नवऱ्याच्या थडग्यावर मी सुनेच्या गाडीतून पोचले. गवत कापलं, फळं मांडली. दारू मांडताना माझा हात थांबला नाही. का थांबावा?

नऊ दिवसांनी ठाण्यातून बोलावणं आलं. सांग-ग्यूला नाही, त्याचा जबाब झाला होता. मला.

झालं असं होतं की सांग-ग्यूनं लिहून दिलं होतं, दारू मी स्वतः ओतून घेतली, किल्ली मी स्वतः खुंटीवरून घेतली. आमच्या घरात किल्लीला खुंटीच नाही. आणि उनजूला सोबतची म्हणून विचारलं, तर तिनं जे घडलं ते सांगितलं. प्यालाही सांगितला आणि किल्लीही. नवरा एक सांगतो, बायको दुसरं.

ठाण्यात जायच्या आदल्या दिवशी जेवताना सांग-ग्यू म्हणाला, "आई, तू एवढंच सांग की तू आतल्या खोलीत होतीस. काही पाहिलं नाहीस. पिणाऱ्याला किल्ली देणाऱ्यावरही गुन्हा लागतो."

"आणि मग तुझं काय?"

"माझं जे व्हायचं ते होणारच."

"ते मी बघते," मी म्हटलं. कारण मी मनात ठरवलं होतं. दारू माझी, हुकूम माझा, किल्ली माझी. सगळं आपल्या अंगावर घ्यायचं, म्हणजे त्यांना त्याचा परवाना परत द्यावा लागेल. शहात्तर वर्षांच्या बाईचं काय करणार आहेत? मला परवाना नाहीच, काढून काय घेणार?

उनजू भात वाढत होती. म्हणाली, "गुन्हा म्हणजे मुळ्याचं लोणचं नाही, आई, एका बरणीतून दुसऱ्या बरणीत काढायला."

"तुझं लोणचं कुणी खात नाही, तू लोणच्याचं बोलू नकोस."

ठाण्यात पोलीसबाई होती, चाळिशीची, आखूड केस. तिनं मला खुर्ची दिली, बार्लीचा चहा दिला. मी सगळं सांगितलं. प्याले तीन. ओतले मी. किल्ली दिली मी. सुनेनं मागितली होती, तिला दिली नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हटलं, "आता झालं ना? गुन्हेगार सापडला. पोराचा परवाना द्या."

तिनं टंकलेखन थांबवलं. "तसं होत नाही. तुमचा गुन्हा त्यांच्या गुन्ह्यातून वजा होत नाही. तो त्याच्या शेजारी लिहिला जातो."

"म्हणजे?"

"त्यांनी गाडी चालवली, रक्तात दारू होती, दुसरी वेळ होती. कुणी का पाजेना, परवाना रद्दच. आता तुमच्यावरही मदत केल्याचा गुन्हा. हे मी अजून छापलेलं नाही, बाईसाहेब. तुम्हाला बदलायचं असेल तर आत्ता सांगा."

दयेनं बोलली ती. मला कुणाची दया आवडत नाही. म्हणजे मी इथवर येऊन पोराचा परवाना आणला नव्हता, फक्त माझं नाव त्याच्याखाली टाकलं होतं. जबाब बदलून उठले असते तर सांग-ग्यूचा कागद खरा ठरला असता, आई आतल्या खोलीत होती, आणि माझा मुलगा दारुडा ठरला असता जो सणाच्या सकाळी स्वतः भरून घेतो. उनजू खोटारडी ठरली असती, हेही होतंच. त्यात मला काही वाईट वाटलं नसतं.

"बदलायचं नाही," मी म्हटलं. "उलट एक राहिलंय, ते लिही. त्यानं नको म्हटलं होतं."

"किती वेळा?"

"दोनदा तोंडानं. एकदा मानेनं."

"आणि तुम्ही ऐकलं होतं?"

"बहिरी दिसते का मी तुला? ऐकलं होतं."

तिनं ते लिहिलं. मला वाचून दाखवलं. सरकारी भाषेत ते माझ्यासारखं वाटत नव्हतं, पण खोटं नव्हतं. मी नाव लिहिलं. माझं नाव मालसून, आमच्या लिपीत आडनावासकट तीन अक्षरं, आणि ती मला चांगली येतात.

बाहेर दोघं उभे होते. सांग-ग्यूच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, त्यात घडी घातलेला बसचा गणवेश. परवाना त्यानं सकाळीच ठाण्याच्या खिडकीवर जमा केला होता.

"सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"सगळं. तुझी आई खोट्याच्या मागं लपणारी नाही."

उनजू हसली. मोठ्यानं, ठाण्याच्या पायरीवर. "मग पुलावर मला जागा बदलायला कोण सांगत होतं?"

पोरासमोर पकडलं तिनं मला. ही गोष्ट मी तिला माफ करणार नाही.

सांग-ग्यूनं ना तिच्याकडं बघितलं ना माझ्याकडं. "मी डेपोत जाऊन गणवेश देऊन येतो. चालत जातो, लांब नाही."

"मी येते," मी म्हटलं. "त्या साहेबाला दोन शब्द सुनावते. बावीस वर्षं नोकरी केलीस."

"नको, आई."

हळूच म्हणाला, नेहमीसारखा. मी पुढं टाकलेलं पाऊल मागं घेतलं. तो पिशवी घेऊन रस्ता ओलांडून गेला, कोपऱ्यावरच्या थांब्यापाशी त्याचीच बस उभी होती, नवा चालक बसला होता, आणि तो तिच्या मागून वळून निघून गेला.

मग मी आणि उनजू राहिलो. ती बसही सुटली, गावाकडची पुढची दोन तासांनी होती. तिनं गाडीचं दार उघडलं. मी मागं बसले, ती काही कपाटातून परवाना काढला म्हणून माझ्याहून मोठी झालेली नाही.

तिनं आरशातून बघितलं. "पट्टा लावा."

"मागं बसणाऱ्याला नाही लागत."

"लागतो. त्याचाही कायदा आहे."

"तुला सगळे कायदे पाठ झाले वाटतं."

"घरात एकीला तरी हवेत."

मी लावला नाही. तिनं गाडी सुरू केली नाही. हात मांडीवर ठेवून समोर बघत बसली. ठाण्यातून माणसं येत होती, जात होती, एकदोघं वाकून बघून गेली. ती माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहे, तिच्याकडं वेळ आहे.

शेवटी मी पट्टा ओढला. खाचेत बसेना, दोनदा घसरला. ती मदतीला वळली नाही, आणि वळली असती तर मी तिचा हात झटकला असता. तिसऱ्यांदा खटका बसला.

"चल आता," मी म्हटलं. "आणि पुलावर बंद पाडू नकोस."