चौकचं भूतघर

लोधिवलीच्या पदू ठोंबऱ्यानं भुताचे सात सिनेमे लिहिले आणि सातव्यातून त्याचं नाव गेलं.

पहिले सहा कसेबसे आठवडाभर चालले. सातवा, विहिरीतल्या हडळीचा, राज्यभर गाजला. पदू बायकोला, इंदूबाईला, घेऊन खोपोलीला पहिल्याच खेळाला गेला. पडद्यावर अक्षरं आली, ‘कथा, पटकथा, संवाद, दिग्दर्शन : देवेश’. इंदूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो पडद्याकडंच बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मुंबईत देवेशचं ऑफिस गाठलं. तिथं वितरक बसले होते. देवेशनं त्याला बस म्हटलं नाही. हडळ आपल्याला स्वप्नात दिसली, या पदूनं नुसती उतरवून घेतली, असं त्यानं हसत सांगितलं, आणि सगळेच हसले. त्यानंतर पदूनं कुणासाठी एक ओळ लिहिली नाही. लोधिवलीजवळच्या चौक गावी, जुन्या हायवेवर, गाड्यांच्या पार्टचं दुकान टाकलं आणि त्यातच केस पिकवले.

पण भुताचे सिनेमे सुटले नाहीत. स्टुडिओ बंद पडत होते, सामान भंगारात निघत होतं. पदू ते टेंपोत घालून आणायचा. रबरी हात, धुराचं यंत्र, हातानं रंगवलेली पोस्टरं. दुकानामागच्या बंद ढाब्याच्या शेडमध्ये त्याला संग्रहालय काढायचं होतं. चौकचे लोक त्याला भूतघर म्हणू लागले. पेपरात बातमी आली आणि ती वाचून देवेश आला.

तो आता कर्जतच्या फार्महाऊसवर नात समीक्षाबरोबर राहत होता. त्याला कुणी सिनेमा देत नव्हतं. हडळीचा मुखवटा, विहिरीचा लाकडी सेट, कॅमेरा, सगळं आपल्याकडं पडून आहे, घेऊन जा, म्हणाला. कुठंतरी आपलं काही राहावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पदूनं त्याला चहा पाजला, कारपर्यंत सोडायला गेला. इंदूबाईला ते गोड वागणं बघून धडकी भरली. ती नवऱ्याला ओळखत होती.

उद्घाटनाला देवेश रेशमी कुर्ता घालून आला. पदूनं त्याला पहिल्या रांगेत बसवलं आणि भाषणात त्याचं नावही घेतलं नाही. मग पाहुणे आत फिरू लागले. प्रत्येक वस्तूखाली पाटी होती. विहिरीखाली सुताराचं आणि रंगाऱ्याचं नाव, कॅमेऱ्याखाली त्यात रीळ भरणाऱ्याचं, मुखवट्याखाली तो घडवणाऱ्या छायाबाईंचं, आणि तिथंच ‘लेखक : पद्माकर ठोंबरे’. समीक्षा आजोबांना पाट्या वाचून दाखवत होती. सगळी शेड फिरून झाल्यावर ती पदूकडं आली. आजोबांची पाटी कुठल्या भिंतीवर आहे, असं तिनं विचारलं.

“नाय ती,” पदू म्हणाला.

देवेशनं तिला कारकडं पाठवलं.

“हे तू ठरवून केलंस.”

“हो.”

“एक पाटी लाव, पदू. लहानशी चालेल. माझी नात बघून गेली रे.”

“खोपोलीला माझी बायको शेजारी बसलेली, साहेब.”

देवेशनं कारकडं पाहिलं. मग म्हणाला, तसं असेल तर माझं सामान मी परत नेतो.

“न्या.”

आठवडाभरात टेंपो आला. माणसं विहीर सुटी करू लागली, तेव्हा इंदूबाई दारात उभी राहिली.

“अवो, एक नाव लिवलं तर हात झडनार हाय का तुमचा?”

मुखवटा पदूनं स्वतः कापडात गुंडाळून ड्रायव्हरच्या हातात दिला.

लोक हडळ बघायला यायचे आणि रबरी हात बघून परत जायचे. मग तेही येईनासे झाले. दिवाळीच्या आधी पदूनं शेड टायरवाल्याला भाड्यानं दिली. इंदूबाईला वाटलं, आता याला पस्तावा होईल. तो रोज दुकान उघडत राहिला आणि देवेशची बातमी विचारत राहिला.

पुढच्या पावसाळ्यात देवेश गेला. समीक्षानं फार्महाऊस सामानासकट एका रिसॉर्टवाल्याला विकलं. हे कळल्यावर पदू स्वच्छ शर्ट घालून एकटाच कर्जतला जाऊन आला.

रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावाजवळ विहीर मांडली होती. तिच्यात झाडं लावली होती. मुखवटा वर टांगलेला, आणि ओल्या अंगाची माणसं त्याच्याखाली फोटो काढत होती. पाटी कुठंच नव्हती. हे कुठलं, असं पदूनं वेटरला विचारलं. मालकांनी चीनमधून मागवलंय, वेटर म्हणाला. पदूनं मान डोलावली.

घरी येऊन तो जेवायला बसला.

“त्याचं नाव कुटंच नाय गं.”

इंदूबाईनं तवा उतरवला. “आनि तुमचं?”

“माझंबी नाय,” पदू म्हणाला आणि त्यानं आणखी एक भाकरी मागितली. कित्येक महिन्यांत तो असा पोटभर जेवला नव्हता.