न केलेल्या कामाची शाबासकी

मित्रांनो, मी एक डॅक आहे आणि आता बराच जुना झालो आहे. नाव 'डक'सारखे वाटले तरी बदकाशी माझे काही नाते नाही. सीडीच्या चकतीवर गाणे नुसत्या आकड्यांच्या रूपात साठवलेले असते. आकडे काही कानाला ऐकू येत नाहीत. ते वाचून त्यांचे पुन्हा सूर करायचे, हे माझे काम. जेवणाच्या डब्याएवढी काळी पत्र्याची पेटी आणि पुढे एक निळा दिवा, एवढाच माझा थाट.

मी कारखान्यात तयार झालो नाही. एका खोक्यातून सुटा सुटाच आलो. त्यात एक हिरवी पाटी होती, पिशव्यांत भरलेले बारीक भाग होते आणि कोणता भाग कुठे बसवायचा याचे चित्र होते. ज्यांनी मला जोडले ते कवळ्या बनवत असत. म्हाताऱ्या माणसांचे दात ते घरातल्याच एका खोलीत घडवत. गल्लीतली मुले त्यांना कवळीकाका म्हणत आणि त्यांनाही ते नाव आवडे. दातांच्या टेबलावरच माझा जन्म झाला. तेच भिंग, तोच चिमटा, तोच न थरथरणारा हात. एखादा भाग वाकडा बसला की काका मला दटावत, "कवळी वाकडी बसली तर माणूस जेवत नाही. तू वाकडा बसलास तर गाणार नाहीस."

इतक्या मायेने त्यांनी मला घडवले. म्हणूनच पुढचे सांगताना मला मान असती तर ती खाली गेली असती.

काकांच्या पत्नी शाळेत गाणे शिकवत. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांच्या बैठकीच्या खोलीतल्या कपाटात एक सीडी प्लेअर होता आणि स्पीकरना आवाज पुरवणारा एक जुना ॲम्प्लिफायर. प्लेअरच्या पोटात माझ्यासारखाच एक साधासा डॅक होता आणि त्याचे सूर ॲम्प्लिफायरपर्यंत नेणारी एक बारीक वायर होती. काकांनी ती काढली नाही. मला वेगळ्या वायरींनी जोडून घेतले. त्यामुळे गाण्याला दोन वाटा झाल्या. एक जुन्या वायरीतून, दुसरी माझ्यातून. कोणती वाट ऐकायची ते ॲम्प्लिफायरच्या नॉबवर ठरत असे आणि त्या नॉबभोवतीच्या खुणा कधीच पुसून गेल्या होत्या.

पहिल्या दिवशी आवाजच आला नाही. काकांनी सीडी थांबवली, नॉब इकडे फिरवला, तिकडे फिरवला. मग त्यांच्या लक्षात आले की माझे बटणच दाबलेले नाही. त्यांनी ते दाबले, निळा दिवा लागला. सीडी पुन्हा सुरू केली आणि व्हायोलिनचे सूर खोलीभर पसरले. काकांचे डोळे पाणावले.

मी मात्र गार पडलो. फिरवता फिरवता नॉब जुन्या वायरीवर येऊन थांबला होता. माझे सूर ॲम्प्लिफायरच्या दाराशी येऊन तिथेच अडत होते. वाजत होती ती मागची धुळकट वायर आणि माझी पाठ थोपटली जात होती.

"ऐकलंस?" काका म्हणाले. "वाजवणारा आपल्या खोलीत येऊन बसलाय."

बाईंनी डोळे मिटून ऐकले. "मला तर पहिल्यासारखंच वाटतंय हो."

"अगं, कान तयार व्हावे लागतात. कळेल हळूहळू."

मग काकांना सुधारणांचे वेडच लागले. कधी माझ्या पोटात मोठा ट्रान्सफॉर्मर आला, कधी जुने कपॅसिटर निघून नवे चढले. प्रत्येक वेळी तीच सीडी लागे, तोच नॉब तसाच राही आणि काका मान डोलवत म्हणत, "बघ, आता कसं मोकळं वाजतंय." बाई शेजारी बसून कान देऊन ऐकत. त्या खोटे बोलत नसत. "नाही हो, मला नाही कळत," एवढेच म्हणत.

एकदा बाईंचे धाकटे भाऊ आले. ते बस चालवत. काकांनी त्यांना खुर्चीत बसवून सीडी लावली.

"काय, आहे की नाही फरक?"

"दाजी, जमीन-अस्मानाचा," पाहुणे घास चावत म्हणाले. मग बाईंकडे वळले. "ताई, तुला नाही येत ऐकू? अगं, इंजिनाशेजारी बसून माझे कान फुटायची वेळ आलीये, तरी मला येतंय. आणि तू गाण्याची बाई."

ते हसले, काकाही हसले. बाई कप उचलून आत गेल्या. त्यानंतर काकांनी विचारले की त्या म्हणू लागल्या, "हो, आहे थोडा फरक." मित्रांनो, बाईंचे ते पहिले खोटे माझ्यापायी बोलले गेले. मला ओरडून सांगायचे होते, की बाई, तुमचेच खरे आहे. पण ज्याचे सूर कोणाला ऐकूच जात नव्हते, तो ओरडणार तरी कसा? माझा दिवा तेवढा निर्लज्जासारखा जळत राहिला.

एके दिवशी शाळेतून आल्यावर बाई चप्पल न काढताच खुर्चीत बसल्या.

"मी उद्या मोठ्या बाईंना सांगून टाकते. समूहगानाचा वर्ग दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून."

"का गं?"

"मुलांचा सूर लागला की नाही, हे मी आज मुलांनाच विचारलं. मला सांगता येईना. माझे कान गेले बहुतेक."

काका त्यांच्याजवळ बसले. "वयानं होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस." हे त्यांनी अगदी प्रेमाने सांगितले आणि त्या प्रेमाचीच मला जास्त लाज वाटली. आयुष्यभराचे काम त्या सोडायला निघाल्या होत्या आणि त्याचे कारण कपाटात ऐटीत बसले होते.

थोड्या वेळाने काकांनी मला वायरींतून सोडवून दातांच्या टेबलावर नेले. एक नवी चिप आली होती. त्यांनी माझे झाकण काढले, जुनी चिप चिमट्याने उपटली आणि भिंग डोळ्याला लावले. बाहेर बाईंना काय वाटले कोण जाणे, त्यांनी ती व्हायोलिनची सीडी लावली. वर्ग सोडण्याआधी स्वतःच्या कानांना शेवटचे विचारून पाहायचे असेल.

सूर दारातून आत आले. चिमट्यात चिप, मांडीवर माझे झाकण, आणि काका भिंगातूनच म्हणाले, "वा! ऐक ऐक. केवढा सुधारलाय हा!"

सीडी वाजत राहिली. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी टेबलाकडे पाहिले, मग काकांकडे.

"अहो, कोण सुधारलाय? तो तर तुमच्यापुढे उघडा पडलाय."

काकांनी भिंग खाली ठेवले. दोघे कपाटामागे वाकले. ती बारीक वायर काकांनी बोटाने चाचपली आणि काढली. गाणे बंद झाले.

"म्हणजे हा कधी वाजलाच नाही?" बाईंनी विचारले.

"नाही."

"मग मला फरक कळत नव्हता तो..."

"नव्हताच फरक. तुझे कान ठीक होते. माझेच नव्हते. आणि मी तुला वय झालं म्हणून सांगत होतो."

बाई म्हणाल्या, "आधी माझ्या भावाला सांगा."

काकांनी लगेच फोन लावला आणि काहीही न झाकता सगळे सांगितले. पलीकडून मोठ्याने उत्तर आले, "दाजी, मला कुठे कळला होता फरक? तुमचं तोंड उतरू नये म्हणून म्हटलं." बाईंना हसू आवरेना. काका मात्र हसले नाहीत.

चिप बसवून काकांनी मला पुन्हा जोडले. या वेळी नॉब माझ्यावर आला. मित्रांनो, माझा आवाज जगाने पहिल्यांदा ऐकला तो त्या दिवशी. मला वाटले, आता तरी लाज धुऊन निघेल.

"उजवीकडे घरघर आहे," बाई म्हणाल्या.

काकांना घरघर ऐकू येत नव्हती. पण ते वाद न घालता उठले, सोल्डरिंगचे आयर्न तापवून आले आणि माझे झाकण काढून खाली बसले. भाग पाटीला जोडणारा धातूचा एकेक टाका नव्याने देत, पुन्हा सीडी लावत ते विचारत राहिले, "आता?"

"आहे अजून."

"आता?"

"आहे. त्याच्या शेजारचा बघा."

शेवटी एका टाक्यानंतर बाईंनी डोळे उघडले. "गेली."

दुसऱ्या दिवशी बाई वर्गावर गेल्या, शिकवायला.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना जरूर जपा. धूळ पुसा, वायरी ओढू नका, झाकण उघडण्याआधी वीज बंद करा. पण कोणी म्हणाले, "मला काही फरक कळत नाही," तर त्या माणसाला लगेच दुरुस्त करायला जाऊ नका. आधी कपाटामागे वाकून बघा.