माझा दिवा चालू होता

मी एक जुनी ॲम्ब्युलन्स आहे, मित्रांनो. टिटवाळ्याला एका गॅरेजच्या मागे गवतात उभी असते. चाकं कुणीतरी काढून नेली आहेत, टपावर कोंबड्या बसतात. पण माझं रडगाणं मला गायचं नाही. मला शालनबद्दल सांगायचं आहे.

१९८४ साली कल्याणच्या एका छोट्या दवाखान्याने मला घेतलं. ठाण्याच्या वर्कशॉपात मला पांढरा रंग दिला, आत स्ट्रेचर बसवलं, टपावर लाल दिवा लावला. माझे ड्रायव्हर सीताराम, ठाण्याजवळच्या बाळकुमचे कोळी. खाडीत होडी हाकलेला माणूस. खड्डा आला की आतल्या पेशंटला दुखू नये म्हणून स्वतःच श्वास रोखायचा.

चार वर्षांनी शालन आली. विठ्ठलवाडीजवळच्या चाळीतली पहिली नर्स. रोज सकाळी "जयभीम, मामा" म्हणत गाडीत चढायची आणि आधी माझं स्ट्रेचर पुसायची. डोंबिवलीच्या एका बाईला माझ्यातच मुलगी झाली. त्या घरच्यांनी मला हार घातला, तेव्हा शालन इतकी हसली की सीताराम म्हणाले, "बाय, बारसं तुझंच हाय का?"

१९९२ चा एप्रिल होता, भर दुपार. मुरबाड रस्त्यावर गोविंदा नावाचा दूधवाला सायकलवरून पडलेला. मांडीचं हाड मोडलेलं, रक्त थांबत नव्हतं. सीतारामनी मला रस्त्याच्या कडेला लावलं आणि लाल दिवा चालू ठेवला. शालनने जखम घट्ट बांधली आणि दोघांनी गोविंदाला स्ट्रेचरवर घेतलं.

मित्रांनो, स्ट्रेचर मागच्या दाराने चढवतात. त्यासाठी रस्त्याकडे पाठ करून उभं राहावं लागतं. मागून येणारी एस.टी. आम्हाला बघून जरा लांबच थांबली. तिच्या ड्रायव्हरने हात बाहेर काढून मागच्या गाड्यांनाही थांबवलं. पण एका टेम्पोला दम नव्हता. तो एस.टी.ला वळसा घालून पुढे आला. समोरून ट्रक येताना दिसला, तसा तो वेगात डावीकडे वळला.

"शालन!" आतून स्ट्रेचर ओढणारे सीताराम ओरडले.

तिने मागे वळून पाहिलं. बाजूला उडी मारली असती तर ती वाचली असती. पण स्ट्रेचर अर्धं बाहेर होतं. तिने ते दोन्ही हातांनी आत ढकललं. पुढच्याच क्षणी माझं दार वाकलं आणि ती खाली पडली.

एस.टी.तल्या माणसांनी तिला उचलून माझ्या आतल्या बाकावर ठेवलं. सीतारामनी मला असं हाकलं, जसं कधीच हाकलं नव्हतं. गोविंदाने स्ट्रेचरवरून तिचा हात धरलेला. "ताई, आलं कल्याण, आलं," असं तो म्हणत राहिला. कल्याण आलं, तेव्हा शालन नव्हती.

आमच्या मागोमाग आलेला टेम्पोवाला प्रभाकर दवाखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसलेला. "मला वाटलं, एस.टी. पॅसेंजर उतरवायला थांबलीय," तो रडत म्हणाला.

"थांबून बघायचं होतंस रे," सीताराम म्हणाले. "एवढंच करायचं होतंस."

संध्याकाळी शालनची आई मीराबाई आली. तिने माझ्या वाकलेल्या दारावर हात ठेवला. "तुमच्या गाडीचा दिवा बंद होता का हो?"

"नाही, मीराबाई. चालू होता," सीताराम म्हणाले.

"मग त्याला दिसला कसा नाही?"

 पुढच्या महिन्यात सीतारामनी नोकरी सोडली. माझं दार ठोकून सरळ केलं, नवे ड्रायव्हर आले, नव्या नर्स आल्या. कुठेही थांबले की मला मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीची भीती वाटायची. १९९८ मध्ये मला इथे आणून सोडलं.

मित्रांनो, उद्या तुम्ही गाड्या चालवाल. रस्त्याकडेला ॲम्ब्युलन्स किंवा आगीचा बंब दिवा लावून उभा दिसला तर वेग कमी करा. जागा असेल तर रस्त्याचा एक पट्टा मोकळा सोडून लांबून जा, नसेल तर थांबा. पुढची गाडी का थांबली हे कळल्याशिवाय तिला ओलांडू नका. गाडीच्या आड कुणीतरी वाकून कुणाचा तरी जीव वाचवत असतं. त्याला मागे बघायला वेळ नसतो. त्याच्या वाटचं तुम्ही पुढे बघा.