वीस मिनिटं पुढे

मित्रांनो, एकवीस वर्षं मला एकाच दोषासाठी बोल लावला गेला, आणि तो दोष माझा नव्हताच. मी एक जुनं गजराचं घड्याळ आहे. डोक्यावर दोन पितळी घंटा, पाठीवर दोन चाव्या आणि अंधारात हिरवे चमकणारे काटे. तुमच्यापैकी अनेकांनी माझ्यासारखं घड्याळ पाहिलंही नसेल, कारण हल्ली गजर खिशातच वाजतो. तरी माझी गोष्ट ऐका. मी जे पाहिलं त्याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. १९८५ साली कलावतीबाईंच्या लग्नात त्यांच्या भावानं मला नागपूरहून आणलं. आंदणाच्या भांड्यांसोबत मी जबलपूरला आलो आणि रांझीतल्या एका क्वार्टरमध्ये, फळीवरच्या बुद्धमूर्तीशेजारी, माझी जागा ठरली. घरधनी अंबादासजी कारखान्यात मशीनवर होते. मनगटी घड्याळ मशीनमध्ये अडकतं म्हणून ते बांधत नसत. सगळं घर माझ्यावर चालायचं. पाचला मी घणघणायचो, कलावतीबाई उठायच्या, आणि सात-दहाला अंबादासजी सायकल काढायचे. पुढे मुलगी झाली, ज्योती. तीही शाळेत जाऊ लागली तेव्हापासून त्याच सायकलच्या कॅरियरवर बसून बसथांब्यापर्यंत जायची.

आता माझा तो दोष सांगतो. मी वीस मिनिटं पुढे असायचो. दर रविवारी सकाळी आठच्या रेडिओवर अंबादासजी माझे काटे नीट जुळवायचे आणि सोमवारी मी पुन्हा पुढे. "असं कसं घड्याळ दिलं तुह्या भावानं? पळूनच राह्यलं!" ते म्हणायचे. कलावतीबाई पोळी उलटत म्हणायच्या, "जुनं झालं ते." एकदा मला चेरीतालला नथ्थू भैयाच्या दुकानात नेलं. त्यानं डोळ्याला भिंग लावून माझं पोट उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "बाबूजी, घडी बिल्कुल ठीक है. खोट कहीं और ढूँढिए." अंबादासजींना वाटलं, त्याला काही येत नाही.

खरं काय ते मला ठाऊक होतं, पण घड्याळाला टिकटिक करण्यापलीकडे बोलता येत नाही. रविवारी दुपारी घर झोपलं की कलावतीबाई माझ्याजवळ यायच्या आणि पाठीमागची कळ फिरवून काटा वीस मिनिटं पुढे सारायच्या. का, ते मलाही कळत नव्हतं. त्याचा फायदा मात्र अंबादासजींना झाला. रोज गेटवर वीस मिनिटं आधी पोचणारा माणूस म्हणून कारखान्यात त्यांचं नाव झालं. वक्तशीरपणाचं प्रशस्तिपत्र मिळालं, ते काचेत घालून माझ्या डोक्यावरच टांगलं गेलं. त्याखाली बसून मी शिव्या खाल्ल्या.

ज्योती बी.ए.ला गेली आणि तिनं स्त्री अभ्यास हा विषय घेतला. अंबादासजी चक्रावले. "बायांचा काय अभ्यास करायचा? बाया तर घरोघरी आहेत!" ज्योती म्हणाली, "तेच तर, बाबा. घरोघरी आहेत आणि कोणी पाहत नाही." ती रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचायची. जनगणनेत कोणाचं काम काम म्हणून लिहिलं जातं, कोणाचं नाही. वेळ कोणाच्या मालकीचा असतो. मी कान टवकारून ऐकायचो. मित्रांनो, मी जन्मभर वेळ मोजला, पण वेळेला मालक असतो हे मला ठाऊकच नव्हतं! एवढं मोठं काही पुस्तकात लिहिलेलं असतं आणि ते रांझीच्या पोरीला शिकवतात, याचं मला अपार आश्चर्य वाटलं.

मग प्रमोदिनी मॅडमनी वर्गाला काम दिलं. घरातल्या एका बाईचा पूर्ण दिवस, दर पंधरा मिनिटांनी, वहीत लिहायचा. अट एकच, तिच्या परवानगीशिवाय एक ओळही मॅडमना द्यायची नाही. ज्योतीनं मैत्रिणीचं मनगटी घड्याळ मागून आणलं आणि एक दिवस कॉलेज बुडवून घरी थांबली.

"मी काय करते? घरीच तर असते," कलावतीबाई हसल्या. पण वही भरत गेली. कणीक, डबा, अंघोळीचं पाणी, वंदना, केर. माझ्या सात-दहाला अंबादासजी गेले. आतापर्यंत मनगटावरूनच वेळ लिहिणाऱ्या ज्योतीनं आता माझ्याकडे आणि मनगटाकडे एकदम पाहिलं. तिथे सहा-पन्नास! बस रोज वीस मिनिटं उशिरा येते अशी तिची इतक्या वर्षांची ठाम समजूत होती.

ती सांगायला मागच्या दारी गेली, तर आई पायरीवर बसलेली. हातात चहाचा कप. पुढे नळ, नळाखाली पाणी भरायचे रिकामे गुंड रांगेत लावलेले. नळाला खरोखरच्या सात-दहाला पाणी यायचं. त्याला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

"आई, आपलं घड्याळ पुढे आहे."

"पुढे नाही ते. मीच करते त्याले पुढे."

"काहून?"

कलावतीबाईंनी चहाचा घोट घेतला. "तुम्ही गेले की नळ येईपर्यंत कोणी मले हाक मारत नाही. म्हणून."

"मग काय करते तू?"

"काहीच नाही. बसते."

मागचं दार उघडं होतं, मी फळीवरून सगळं ऐकलं. अभिमानानं माझी स्प्रिंग ताणली गेली. एकवीस वर्षं मी एका बाईचं एवढं मोलाचं धन सांभाळत होतो आणि मलाच पत्ता नव्हता!

रात्री हिशेब लागला. पंधरा तास काम आणि वीस मिनिटं स्वतःची, तीही चोरून घेतलेली. लिहिताना ज्योतीचे डोळे भरून आले. पण कलावतीबाई म्हणाल्या, "ते वीस मिनिटांचं नको लिहू. तुह्या बाबाले कळलं तर ते काटा मागे घेतील, आणि माह्याजवळ तेवढंही राहायचं नाही." ज्योतीनं ते पान दुमडलं. मॅडमची अट तिला पाठ होती.

चार दिवस त्या दोघी माझ्याकडे बघणंच टाळत होत्या. शनिवारी भांडी घासताना कलावतीबाई आपणहून बोलल्या. "लिही. चोरीचं किती दिवस पुरवायचं? पण आधी त्यांले वाचून दाखव."

रविवारी अंबादासजी मला मांडीवर घेऊन रेडिओची वाट पाहत होते. ज्योतीनं उभ्यानंच वही वाचली. गजरापासून अंथरुणापर्यंत सगळी. कलावतीबाई स्वयंपाकघराच्या दाराशी पाठ करून उभ्या होत्या. शेवटचं पान आलं तेव्हा अंबादासजींचा अंगठा माझ्या काचेवर घट्ट दाबला गेला.

त्यांनी मान वर करून प्रशस्तिपत्राकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे बक्षीस तुह्या आईचं आहे तर."

रेडिओवर आठ वाजले. त्यांनी सवयीनं माझे काटे बरोबर आठवर आणले. दाराशी कलावतीबाई गर्रकन वळल्या. माझी टिकटिक मला मोठी वाटू लागली. तेवढ्यात त्यांनी कळ पुन्हा धरली आणि सावकाश काटा पुढे नेला. पाच, दहा, पंधरा, वीस.

"अच्छा, चलो," ते म्हणाले, "आता हे काम माह्याकडे राहू दे. दर रविवारी तुले नको त्रास."

मित्रांनो, या गोष्टीला बरीच वर्षं झाली. ज्योती आता मुलामुलींना तोच विषय शिकवते. अंबादासजी निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, आणि नव्या घरात चोवीस तास पाणी आहे. मोबाइल आले तेव्हा मी काही दिवस माळ्यावर धूळ खात पडलो होतो, पण अंबादासजींनीच मला खाली आणून पुसलं. ते आजही माझ्या सात-दहाला सायकल काढतात. कारखाना नाही, गेट नाही, कुठे जायचंही नाही. कोपऱ्यावरच्या टपरीवर उभे राहतात आणि बरोबर वीस मिनिटांनी परत येतात.

म्हणून एकच मागणं आहे. तुमच्या घरातलं एखादं घड्याळ पुढे असेल तर त्याला नावं ठेवू नका आणि काटे मागे घ्यायची घाई करू नका. ते कोणी पुढे केलंय, हे आधी विचारा. आणि उत्तर मिळालं की थोडा वेळ बाहेर जाऊन या.