आधी जिभेवर

"या घरात दारूचा थेंब आजवर आलेला नाही आणि माझ्या हयातीत येणार नाही!"

निवृत्त दंतवैद्यांनी ही घोषणा स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून केली. आवाज खणखणीत होता, मान ताठ होती आणि उजव्या हातात टकिलाची बाटली होती. फ्रीज उघडताना लेकीने "बाबा, जरा धरा" म्हणून ती त्यांच्याकडे दिली होती, आणि हातात आलेली वस्तू नीट धरायची ही डॉक्टरांची जन्माची सवय.

"आलीये, बाबा," फ्रीजमध्ये डोकं घालूनच लेक म्हणाली. "तिरकी धरू नका, झाकण ढिलं आहे."

डॉक्टरांनी बाटली सरळ केली.

लेकीला घरात ठकी म्हणत. ती एका हॉटेलच्या बारमध्ये पेयं बनवायची, आणि ही गोष्ट डॉक्टर बाहेर "खाद्यव्यवसायात आहे" अशा शब्दांत सांगत. हॉटेलच्या बारचा प्रमुख नोकरी सोडून चालला होता. त्याच्या जागेसाठी दोघंजण उभे होते. एक ठकी, आणि दुसरा बाटल्या हवेत उडवून पाठीमागे झेलणारा एक उंच तरुण. ("झेलतो किती?" एवढीच चौकशी डॉक्टरांनी केली होती.) आज संध्याकाळी मालकीणबाई दोघांचंही एकेक नवं पेय चाखणार होत्या आणि तिथल्या तिथे निकाल देणार होत्या. हॉटेलात सराव करावा तर उंच तरुण दिवसभर कोपराला कोपर लावून उभा. म्हणून आज भरदुपारी हा सगळा संसार डॉक्टरांच्या ओट्यावर मांडला गेला होता.

"आणि या गोट्या कसल्या?"

"कलामान्सी."

ताटलीत बोराएवढी हिरवी फळं होती. ठकीने एक चिरलं तर आतून चक्क नारिंगी निघालं. हॉटेलात एक फिलिपिनो स्वयंपाकीणबाई होत्या, त्यांच्या गच्चीवरच्या कुंडीतलं झाड. त्यांच्याकडे म्हणे हे माशावर पिळतात, शेवयांवर पिळतात, खोकला झाला तर गरम पाण्यात पिळतात. लिंबाऐवजी हे, साध्या साखरेऐवजी नारळाच्या साखरेचा पाक, आणि ग्लासाच्या कडेला नुसतं मीठ न लावता मीठमिरची. बाकी टकिला, संत्र्याचं मद्य आणि भरपूर बर्फ.

"म्हणजे आम्ल, साखर आणि बर्फ," डॉक्टर म्हणाले. "दातांचे तीन वैरी एका ग्लासात. ज्याने कोणी शोधून काढलं, तो आमच्याच धंद्यातला असला पाहिजे."

ठकी हसली नाही. ती एकेक फळ पिळत होती आणि रसाकडे टक लावून बघत होती, जणू आंबटपणा डोळ्यांना दिसतो.

मग तिने फळीवरच्या काचेच्या बरण्यांपैकी एक काढली. या घरातल्या बरण्यांवर कधीच चिठ्ठ्या नसत. चिठ्ठी वाचणारा माणूस जीभ वापरायचं विसरतो, असं डॉक्टरांचं मत होतं, आणि ठकीला कळायला लागल्यापासून घरचा नियम एकच: चिमूट आधी जिभेवर, मग भांड्यात. ठकीने चिमूट जिभेवर ठेवली, मान हलवली आणि ती पांढरी पूड बशीत मिरचीपुडीत मिसळली. ओट्यावर ओळीने मांडलेल्या ग्लासांच्या कडा ओल्या करून तिने एकेक ग्लास बशीत पालथा दाबून फिरवला. काम बघत राहावं असं होतं. डॉक्टर बघत राहिले, अर्थात नाराजीने.

ठकीने डॉक्टरांच्या हातून बाटली घेऊन भांड्यात माप ओतलं, ती परत त्यांच्याकडे दिली आणि मिक्सर सुरू झाला. डॉक्टरांना आपला दवाखाना आठवला. आवाज तसाच, फक्त इथे खुर्चीत कोणी नव्हतं.

त्या आवाजाने आत्या आली. आत्या म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका, खालच्या मजल्यावर राहणारी. दारातच तिने बाटली पाहिली, भाऊ पाहिला, आणि बाटली भावाच्या हातात आहे हेही पाहिलं. छातीवर हात ठेवून ती खुर्चीत बसली.

"अरे, हे काय चाललंय काय? या वयात?"

"मी फक्त धरलीये, ताई."

"सगळे असंच म्हणतात." आत्याने पदराने कपाळ टिपलं. मग मिक्सरच्या भांड्यातला फिकट केशरी चुरा वाकून पाहिला. "दिसायला बर्फाच्या गोळ्यासारखं आहे गं. चमचाभर दे. टीका करायची तर माहिती हवी."

"ताई!"

"तू धर बाटली."

ठकीने एक ग्लास भरला. आधी स्वतः कडेला जीभ लावली, मग घोट घेतला, डोळे मिटले.

"जमलंय," ती म्हणाली. "मीठ अगदी बेताचं."

मग तिने ग्लास आत्याला दिला आणि समोर उभी राहिली. आत्याने शाळेच्या बक्षीस समारंभात सरबत घ्यावं तसं ताठ बसून कड चाटली, घोट घेतला. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग तिचे ओठ हळूहळू आत ओढले जाऊ लागले. गाल गेले, हनुवटी वर आली आणि तोंडाचं कोटाच्या काजासारखं बारीक भोक झालं.

"छान आहे की," त्या भोकातून आत्या म्हणाली. "उगाच बदनाम करतात. पण ही अशीच लागते का गं? गाल आतून आवळल्यासारखे?"

"पहिल्यांदा लागत असेल तसं," ठकी म्हणाली. तिची नजर आत्याच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. "आंबट जास्त आहे? की गोड?"

डॉक्टर मात्र बहिणीच्या ओठांकडे बघत होते. हे तोंड त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांच्याकडून गुळण्या करून उठणारा प्रत्येक रोगी असंच तोंड घेऊन घरी गेला होता. तत्त्वाप्रमाणे ते ग्लासाला ओठ लावणार नव्हते. पण बोटाबद्दल तत्त्वात काही नव्हतं. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि तोंडात घातलं.

तुरटी.

बोट तोंडातच राहिलं. मिठाशेजारची तुरटीची बरणी त्यांचीच, रोज सकाळच्या गुळण्यांची. बरणी चुकणं या घरात नवीन नव्हतं. नियम होता तो त्यासाठीच. पण ठकीने चिमूट जिभेवर ठेवलेली त्यांनी स्वतः पाहिली होती. नंतर ती कडही चाटून बसली होती, आणि तिचे ओठ जागच्या जागी होते.

बाटली त्यांनी ओट्यावर ठेवली. दोन्ही बरण्या खाली काढल्या.

"ठके, इकडे ये. डोळे मीट. आ कर."

"बाबा, वेळ नाहीये."

"आ कर."

हा आवाज मोठमोठे पैलवान ऐकत असत. ठकीने डोळे मिटून तोंड उघडलं. डॉक्टरांनी एक चिमूट तिच्या जिभेवर ठेवली, थांबले, पाणी दिलं, दुसरी चिमूट ठेवली.

"सांग. मीठ कुठलं?"

मिटलेल्या पापण्या नुसत्या हलत होत्या.

"पहिलं," ती म्हणाली.

दोन्ही चिमटी तुरटीच्या बरणीतल्या होत्या.

आत्या आळीपाळीने दोघांकडे बघत होती. डॉक्टरांनी बरणीचं झाकण लावलं, काढलं आणि परत लावलं.

"कधीपासून?"

"त्या तापानंतर." ठकीने डोळे उघडले नाहीत. "आधी वास गेला, मग चव. येईल, येईल असं मी मनाशी म्हणत होते."

डॉक्टरांच्या डोळ्यांपुढून गेले कित्येक दिवस सरकले. चहा गोड झालाय का, बाबा? भाजीत मीठ बरोबर आहे ना? रोज विचारायची. त्यांना वाटलं होतं, पोरगी उशिरा का होईना सुधारली, वडिलांची विचारपूस करायला लागली. चार लोकांना कौतुकाने सांगितलंही होतं.

"आणि हॉटेलात कसं करतेस?"

"मापं हाताला पाठ आहेत. पण या फळाचं माप पाठ होत नाही. एकेक वेगळं आंबट असतं. म्हणून आज घरी केलं." तिने आत्याकडे पाहिलं. "तुमची तोंडं बघून ठरवणार होते."

"आमची?" डॉक्टर म्हणाले. "आम्ही जन्मात थेंब घेतला नाही!"

"म्हणूनच. तुम्हाला खोटं वा वा करता येत नाही."

"मी तर छान म्हटलं की गं," आत्या काजातून म्हणाली.

कोणी हसलं नाही. ठकी ओट्याला टेकली. एरवी तिच्या हातात काही ना काही असायचंच. आता हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

"सहा वर्षं त्या बारमागे उभी आहे, बाबा. आज जागा मिळाली असती. पण जिला चव लागत नाही तिच्या हाती बार कोण देईल? सांगितलं तर आहे तीही नोकरी जाईल."

डॉक्टर तिच्याकडे पाठ करून बेसिनपाशी गेले. नळ सोडला. हात तोंडाकडे गेला. काचेत काही तरी क्षणभर खुळखुळलं आणि नळ बंद झाला.

ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा उंचीने कमी झाला होता. गाल आत गेले होते, नाक हनुवटीच्या भेटीला निघालं होतं. शब्द कडेकडेने गळत होते, तरी कळत होते.

"वरची कवळी टाळू झाकते. अर्धी चव तिथेच अडते. ग्लास पूस, खऱ्या मिठाने कड लाव आणि नव्याने कर. मी सांगतो कसं लागतं ते."

ठकी बघतच राहिली. वडिलांचं हे तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं, कोणीच पाहिलं नव्हतं. डॉक्टर फोटोत हसत नसत, लग्नकार्यात चावून खायचे पदार्थ वाढू देत नसत आणि झोपताना खोलीला आतून कडी लावत.

"कवळीवाल्या दंतवैद्याकडे कोण आलं असतं?" ते भिंतीकडे बघून म्हणाले. "म्हणून उभा जन्म कोणाला कळू दिलं नाही. तुझ्या आईलासुद्धा नाही."

"आईला माहीत होतं, बाबा."

डॉक्टरांनी मान वळवली.

"मलाही," ठकी हळूच म्हणाली. "आईनेच सांगितलं होतं. विषय काढायचा नाही म्हणून."

"मला तर बसवलीस त्याच दिवशी कळलं," आत्या म्हणाली. तिचं तोंड आता बरंच सैल झालं होतं. "गावभर माहीत होतं रे. तुझे पेशंट सांगायचे की, याच्याकडे जावं, याला दातांचं दुखणं ठाऊक आहे. पलीकडच्या चौकातला तो अख्ख्या बत्तिशीचा डॉक्टर माशा मारत बसायचा."

डॉक्टरांना बसावंसं वाटलं. शेजारी खुर्ची होती, पण ती सापडायला वेळ लागला. इतक्या वर्षांच्या कड्या, न खाल्लेलं आणि न हसलेलं सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं होतं, आणि त्यातलं काहीही कोणी मागितलेलं नव्हतं.

ठकीने ग्लासांच्या कडा पुसून खऱ्या मिठाने लावल्या आणि मिक्सर पुन्हा सुरू केला.

डॉक्टरांनी चमचा घेतला. आयुष्यातला पहिला थेंब त्यांनी औषध घ्यावं तसा घेतला, टाळूला लावला आणि थांबले.

"आंबट. थांब, मागून कडू येतंय. बिया भरडल्या गेल्यात."

ठकीने उरलेली फळं पिळून रस गाळला. पुन्हा मिक्सर, पुन्हा चमचा.

"आता नुसतं गोड आहे. पाक कमी कर. आणि आवाज करू नकोस, लक्ष जातं."

तिसऱ्या खेपेला त्यांनी चमचा तोंडातून लवकर काढलाच नाही. त्या खोल गेलेल्या चेहऱ्यावर आधी थंडी उमटली, मग काही तरी उजळलं. भुवया आपोआप वर गेल्या. ठकी ते बघत होती. तिने विचारलंच नाही.

"हे बरोबर आहे," डॉक्टर अखेर म्हणाले. "का बरोबर आहे ते मला सांगता येणार नाही."

ठकीने हात पुसले.

"मालकीणबाईंना मी आधी सांगते," ती म्हणाली. "ग्लास पुढे करायच्या आधी. चव परत येईपर्यंत चाखायला माझा माणूस असेल म्हणून. ठेवायचं तर ठेवतील."

"कोण माणूस?" आत्याने विचारलं.

डॉक्टर उठले. मान ताठ झाली आणि दातांविना येईल तेवढा खणखणीतपणा आवाजात आला.

"मी. आजही येईन, उद्याही येईन. त्या बारमध्ये बसेन, सगळ्यांसमोर कवळी काढेन आणि चाखेन. कोणाला हसायचं असेल त्याने हसावं. यापुढे या घरात कोणी काही झाकून ठेवणार नाही!"

आत्याने डोळे पुसले. ठकीने मिक्सरचं भांडं उचललं, ग्लासांच्या ओळीपाशी गेली आणि पहिला ग्लास भरला, दुसरा भरला.

"ठके," डॉक्टर घाईने म्हणाले.

"काय, बाबा?"

"बेसिनजवळच्या त्या ग्लासात तेवढं ओतू नकोस."