पिन विचारायचा राहिला

फोन खोलायच्या आधी बंद करायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. कर्जत स्टेशनजवळच्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात अकरा वर्षं मी तो पाळला. मालतीबाईंनी आणलेला फोनही तसाच बंद केला.

फोन बाईंचा नव्हे, त्यांच्या यजमानांचा. गोपाळकृष्ण सर दिवाळीनंतर गेले. बाईंनी मला चौथीत शिकवलेलं, माझं अक्षर बघून विचारायच्या, "झुहेब, वहीवर कोंबडी नाचली का रे?" या वेळी थट्टा नव्हती. स्क्रीनचा खालचा अर्धा भाग बोटाला दाद देत नव्हता. जन्माला यायच्या नातवंडासाठी सरांनी आजारपणात गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या, कोंडाण्याच्या लेण्यांच्या, माथेरानच्या घोड्यांच्या. नात झाली, रविवारी तिचं बारसं. त्या दिवशी नातीला आजोबांचा आवाज ऐकवायचा होता, आणि तो या फोनाशिवाय कुठेच नव्हता.

सरांनी बाईंचाही अंगठा फोनात घालून ठेवला होता. त्यांनी अंगठा ठेवला, फोन उघडला. बेल वाजते का बघायला मी त्यांना त्यांच्या फोनवरून रिंग द्यायला सांगितली. स्क्रीनवर नाव आलं, 'मास्तरीण'.

"चावट होते," बाई जरा हसल्या.

अंगठा चालतोय म्हटल्यावर मी पिन विचारलाच नाही. अक्कल शेण खायला गेली होती माझी.

संध्याकाळी नवी स्क्रीन झकास बसली. फोन सुरू झाला आणि पिन मागू लागला. बाईंनी अंगठा ठेवला, पुन्हा ठेवला, पदराला पुसून ठेवला. लग्नाची तारीख घातली, मुलाची घातली. फोन म्हणाला, अर्धा तास थांबा. तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"बाई, बस करा. अजून चुकलं तर सगळं पुसून टाकील."

"मेमरी काढून दुसऱ्या फोनात घाल ना."

"काढली तरी वाचता येत नाय. त्याची किल्ली एका बारक्या चिपमध्ये हाय, ती बाहेर येतच नाय. एकदा बंद करून चालू केला की पहिल्यांदा पिनच लागतो. मग अंगठा."

"पण अंगठा तर माझाच आहे ना रे?"

"तुमचाच हाय. चूक माझी हाय. मी बंद केला."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या स्टुलावर बसून राहिल्या. मलाही रडू येईना, शरम वाटेना. मी उगाच नव्या काचेवरचे डाग पुसत राहिलो.

"बेल तरी वाजते का बघू," बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, आणि त्यांनी रिंग दिली.

बेल वाजली. स्क्रीनवर नाव आलं नाही. नावंही त्या कुलपाच्या आतच राहिली होती. नुसते दहा आकडे लुकलुकत होते.

बाईंनी फोन डोळ्यांजवळ नेऊन ते सावकाश वाचले.

"बघ," त्या म्हणाल्या, "आता ते मलाही ओळखत नाहीत."