विल्फ हॅल्सॉल यांचं अमेरिकेतलं आयुष्य

माझे वडील दोनदा वारले आणि एकदा बेपत्ता झाले. पहिल्यांदा वारले ते इंग्लंडात, विगनच्या आमच्या घरी, फुप्फुसांच्या दुखण्याने. दुसऱ्यांदा टीव्हीवर, सहाव्या भागात. बेपत्ता झाले ते अमेरिकेत, जिथे ते जन्मात कधी गेले नव्हते.

हे सगळं आईने केलं. म्हणजे पहिलं सोडून.

बाबा कालव्यावर कामाला होते. बोटी आल्या की पाणी अडवणारी दारं उघडायची, गेल्या की लावायची. ते गेल्यावर आईने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांच्यावर मालिका लिहिली. नावसुद्धा बदललं नाही. आमच्याकडे मालिका एकच माणूस लिहितो, सहा भागांत उरकतो आणि शेवटी कोणाला तरी मारतो. पहिल्या भागात विल्फ दार उघडतात, मधले सगळे भाग पावसात खोकतात, सहाव्यात जातात. समीक्षकांना ती फार आवडली, कारण पाहताना जीव नकोसा व्हायचा.

मग ती अमेरिकेने विकत घेतली.

तिकडे डझनभर माणसं एका खोलीत कोंडून मालिका लिहून घेतात, वर्षाला बावीस भाग काढतात, आणि पैसे मिळवून देणारा माणूस मारत नाहीत. विल्फचे वूल्फ झाले. विगनचं बॉस्टन झालं, कालव्याचा समुद्र झाला. वूल्फचे दात तर असे, की रात्री बोटींना दिव्याची गरज पडू नये. सहाव्या भागात वूल्फ खोकायला लागले तशी आईने माझं मनगट धरलं. तेवढ्यात हेलिकॉप्टरमधून नवं फुप्फुस आलं.

"हेलिकॉप्टर!" शेजारच्या थेल्मामावशी म्हणाल्या. "आणि आपल्या विल्फला अँब्युलन्स यायला किती वेळ..."

"थेल्मा, बिस्किट घे," आई म्हणाली. मग मनगट सोडून मला म्हणाली, "अगदीच टाकाऊ आहे हे. पुढचा भाग कधी?"

असे ते तिकडे सात वर्षं जगले. दर गुरुवारी आई नावं ठेवायला बसायची. "टॉवेल बघ याचा. तुझ्या बापाने इतका पांढरा टॉवेल लग्नातसुद्धा पाहिला नाही." पण वूल्फ जिना चढायला लागले की ती श्वास रोखायची, आणि ते वर पोचले की सोडायची.

तिकडे मी सर्जन होतो. इकडे मी गालिचे विकतो. वूल्फ आपल्या मुलाला येताजाता मिठी मारायचे.

"बाबांनी मला कधी मारली नाही," मी म्हणालो.

"गाडीची परीक्षा पास झालास तेव्हा हात मिळवला होता की."

"हातमोजा घालून."

"थंडी होती रे सोन्या."

एकदा मी न राहवून म्हणालो, "आई, तुझी मालिका हिच्यापेक्षा शंभरपट चांगली होती. खरी होती."

"होतीच," ती म्हणाली. "पण तिच्यात तो मरतो."

मी टीव्हीचा आवाज वाढवला.

मग वूल्फचं काम करणाऱ्या नटाला हॉटेल काढायचं सुचलं. अमेरिकेतून आईला फोन आला. मूळ लेखिका म्हणून आधी कानावर घालावं, इतकी ती माणसं सभ्य. म्हणाले, आम्ही वूल्फना मारणार नाही, अजिबात काळजी करू नका. बोटीचा स्फोट होईल, देह मिळणार नाही. म्हणजे हॉटेल बुडालं तर त्यांना परत आणता येईल.

"बरं," आई म्हणाली. बाबा गेल्याचं सांगणाऱ्या डॉक्टरांनाही ती तेवढंच म्हणाली होती.

स्फोट चांगला मोठा झाला. मी, म्हणजे सर्जन, समुद्राकडे तोंड करून ओरडलो. मालिका संपली.

दुसऱ्या दिवशी थेल्मामावशी दारात. "ग्वेन, हॅमचं काय करू?"

आमच्या गल्लीत कोणी गेलं की शेजारीण हॅम, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, उकडते. अंत्यसंस्कार आटोपले की त्याची सँडविचेस सगळ्यांनी खायची. हॅम झालं नाही तर माणूस धड गेला नाही असं मानतात.

"देह मिळाला असता तर मी कालच पातेलं चढवलं असतं," मावशी म्हणाल्या. "पण बेपत्ता माणसाचं करतात का? उद्या परत आला म्हणजे?"

"त्यालाही वाढू," मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

"थांब जरा," आई म्हणाली.

ती थांबलीच. दर गुरुवारी ठरल्या वेळी टीव्हीसमोर बसायची. तिथे आता केक करण्याची स्पर्धा असे. ती केककडे, समुद्राकडे पाहावं तसं पाहायची. जेवण निम्मं टाकायची. मावशी विचारायच्या, "हॅम?" आई म्हणायची, "थांब."

"आई, तो परत येणार नाहीये."

"कशावरून? मिळालाय का कोणाला?"

नोव्हेंबरात एका दुपारी ती काळा कोट घालून खाली आली. "माझा सहावा भाग लाव," म्हणाली. तो भाग तिने लिहिला होता. पाहिला कधीच नव्हता.

"खात्री आहे ना?"

"तिकडची माणसं चांगली आहेत रे. इतकी वर्षं सांभाळला त्यांनी त्याला. पण त्यांना माणूस पोचवता येत नाही. ते माझं मलाच करावं लागणार."

थेल्मामावशी धरून आम्ही तिघं बसलो. विल्फ सोफ्यावर पडलेले. बायको चहा करायला आत जाते. बराच वेळ नुसती किटली. मग ती दोन कप घेऊन बाहेर येते, त्यांच्याकडे बघते आणि दोन्ही कप खाली ठेवते. संपलं. ना संगीत, ना हेलिकॉप्टर.

"दोन कप," आई म्हणाली. "त्याला साखर ढवळून आणली होती मी." आणि ती रडली, कोटाची बटणं न काढता. बाबांच्या खऱ्या अंत्यसंस्कारात ती पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या ते बघत होती.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. जमला नाही नीट. आमच्याकडे कोणाला सवय नाही. तिने तो काढून टाकला नाही.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं. "थेल्मा, हॅम चढव."

थेल्मामावशी लगेच उठल्या. दाराशी थांबल्या. "सँडविचला मोहरी लावू का? विल्फला चालायची नाही म्हणून विचारते."

आईने टीव्ही बंद केला.

"लाव," ती म्हणाली. "तो कुठे आहे आता."